‘सेंटर’ म्हणजे मैदानात नेमकं कुठे?

पत्र

नमस्कार,

मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. कॉलेजात हॉकी खेळले, आता शाळेच्या मुलींचा फुटबॉल संघ बघते. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालं. आमच्या संघात नववीतली एक मुलगी आहे. ती बॅकच्या पुढे उभी राहून समोरच्यांचे हल्ले मोडते, चेंडू काढून घेते आणि न घाबरता मोकळ्या मुलीकडे देते. यंदा निवड चाचणीत तिला विचारलं, “पोझिशन?” ती म्हणाली, “सेंटर.” तिला सगळ्यांत पुढे, गोलच्या तोंडाशी उभं केलं. तिथे तिच्याकडे चेंडूच फारसा आला नाही आणि यादीत तिचं नाव लागलं नाही. तेव्हापासून ती सरावाला येते, पण बोलत नाही. मी तिला पोझिशनचं नाव आधीच शिकवायला हवं होतं का? मला स्वतःला फुटबॉल प्रशिक्षकाच्या डी लायसन्सचा (परवान्याचा) कोर्स करायचा आहे, पण डबल पिव्हट, इन्व्हर्टेड, फॉल्स नाइन असलं ऐकलं की वाटतं, हे आपलं काम नव्हे. हॉकीतले हाफ, इनसाइड मला पाठ आहेत, ते इथे चालतील का? की मुलींना सरळ मराठी शब्दच शिकवू?

एक क्रीडाशिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

आधी त्या मुलीबद्दल बोलू. तिचं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. फुटबॉलमध्ये सेंटर-बॅक असते, सेंटर मिडफिल्ड असते, सेंटर-फॉरवर्ड असते. तिघीही मैदानाच्या मधल्या पट्ट्यात खेळतात, पण पहिली आपल्या गोलसमोर आणि शेवटची समोरच्यांच्या गोलसमोर. नुसतं ‘सेंटर’ म्हटलं की ऐकणारा आपल्या मनाने उरलेलं भरतो, आणि चाचणी घेणाऱ्याने ते ‘फॉरवर्ड’ असं भरलं. खरं तर “सेंटर म्हणजे कुठली?” एवढं त्यांनी विचारायला हवं होतं. पण एका सकाळी ढीगभर मुली बघायच्या असतात तिथे हा दुसरा प्रश्न बरेचदा राहून जातो. म्हणून पहिलंच उत्तर पुरं असलेलं बरं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हल्ला कुठून येतोय हे आधी ओळखून तिथे जाऊन उभं राहायला त्या वयाच्या मुलीला शिकवणं फार अवघड असतं, आणि ते तुमच्या हातून झालंय. नावं शिकवायला आठवडाभर पुरेल.

या नावांकडे पत्त्यासारखं बघा. राइट, लेफ्ट, सेंटर हे शब्द मैदानाच्या रुंदीतली जागा सांगतात. बॅक, मिडफिल्ड, फॉरवर्ड हे लांबीतली. दोन्ही जोडले की माणूस सापडतो: राइट-बॅक, लेफ्ट मिडफिल्ड, सेंटर-फॉरवर्ड. उजवी-डावी बाजू नेहमी आपल्या गोलकडे पाठ करून धरायची, ही बारीक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर समोरून बघणारी मुलगी राइटला लेफ्ट म्हणत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. फॉर्मेशनचे, म्हणजे संघाच्या मांडणीचे, आकडेसुद्धा असेच मागून पुढे मोजायचे आणि गोलकीपर त्यात धरायची नाही. ४-३-३ म्हणजे मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन, बेरीज दहा.

तुमच्या मुलींना हे जड जाईल असं वाटत असेल तर त्यांना क्रिकेटबद्दल विचारून बघा. इंग्रजीच्या पेपरात अडखळणारी मुलं लाँग ऑन कुठे आणि शॉर्ट लेग कुठे हे झोपेतसुद्धा सांगतात. तिथली रचनाही हीच आहे. सिली म्हणजे बॅटच्या अगदी तोंडाशी, शॉर्ट म्हणजे जवळ, डीप आणि लाँग म्हणजे सीमारेषेकडे. पुढे पॉइंट, मिड-ऑन, लेग ही दिशा. डावखुरी फलंदाज आली की सगळं क्षेत्ररक्षण बाजू बदलतं आणि नावं तिच्याबरोबर फिरतात, तेही मुलांना कुणी वर्गात शिकवलेलं नसतं. जे नाव मैदानात उभं राहून शिकलं ते विसरत नाही.

आता नावातला तिसरा भाग, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. जागा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबड्डीचं उदाहरण मुलींना लगेच पटेल. लेफ्ट कॉर्नर, राइट कॉर्नर, लेफ्ट इन, राइट इन, दोन कव्हर आणि मधली सेंटर, या सात झाल्या उभं राहायच्या जागा. चढाई कोण करणार, पायाची पकड कोण धरणार, हे झालं काम. ‘इन’ला उभी असलेली मुलगी बरेचदा चढाईलाही जाते, पण तिच्या जागेच्या नावात चढाई कुठेच नाही. फुटबॉलमध्येही विंगर (कडेला पुढे खेळणारी), राइट-बॅक या जागा आहेत, तर होल्डिंग, बॉक्स-टू-बॉक्स, प्लेमेकर (खेळ रचणारी) ही कामं आहेत. दोघी सेंटर मिडफिल्ड असल्या तरी एक जागा धरून राखण करते आणि दुसरी एका पेनल्टी बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत धावत राहते. तुमची विद्यार्थिनी पहिल्या प्रकारची आहे. तिच्या पोझिशनचं नाव होल्डिंग मिडफिल्डर. काही जण डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणतील. काटेकोर बोलणारे यातही फरक करतात, पण चाचणीच्या मैदानावर दोन्हींतलं कुठलंही सांगितलं तरी चालतं.

हे नाव तिला सांगाल तेव्हा क्लोद मॅकलेलेची गोष्टही सांगा. हा फ्रेंच खेळाडू २००३ मध्ये स्पेनचा रेआल माद्रिद क्लब सोडून इंग्लंडच्या चेल्सीत गेला. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याला शोधू नका. बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, समोरच्यांची वाट अडवायची, चेंडू काढून जवळच्या माणसाला द्यायचा, हेच त्याचं काम. २००४-०५ च्या हंगामात चेल्सीने इंग्लंडची लीग जिंकली तेव्हा ३८ सामन्यांत त्यांच्यावर फक्त १५ गोल झाले. त्यात बचावफळी आणि गोलरक्षक यांचा वाटा होताच, पण इंग्लंडमध्ये लोक त्या जागेलाच ‘मॅकलेले रोल’ म्हणायला लागले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेल्या मुलांच्या तोंडी बहुतेक पुढे खेळणाऱ्यांचीच नावं असतात, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळलेला आपला अनिकेत जाधव त्यांना ठाऊक असतो, ते योग्यच आहे. पण आपण करतो त्या कामावरूनही कुणाचं तरी नाव झालंय, हे या मुलीच्या कानावर पडायला हवं. ती गप्प झालीय त्यात हेही असू शकतं, की पुढे गोल मारता आला नाही म्हणजे आपल्याला खेळताच येत नाही असं तिने धरून घेतलंय.

हॉकीतले हाफ आणि इनसाइड इथे चालतात का, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. दोन्ही खेळांची ही नावं एकाच जुन्या रचनेतली आहेत. मागे दोन फुल-बॅक, मध्ये तीन हाफ-बॅक, पुढे पाच फॉरवर्ड. पुढच्या पाचांत मधला सेंटर-फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंना इनसाइड राइट आणि इनसाइड लेफ्ट, कडेला दोन आउटसाइड. ध्यानचंद या रचनेतले सेंटर-फॉरवर्ड. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने हॉकीचा विश्वचषक जिंकला, त्या संघाचे कर्णधार अजितपाल सिंग सेंटर-हाफ. हॉकी खेळलेल्या माणसाला सेंटर-हाफ म्हटलं की मैदानाचा मधोमध डोळ्यांसमोर येतो.

फुटबॉलमध्ये मात्र हा सेंटर-हाफ मागे सरकला. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे येताना हल्ला करणारा आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान तीन जण असावे लागत, ते दोनवर आले. गोल भराभर व्हायला लागले. लंडनच्या आर्सेनल क्लबचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला ओढून दोन फुल-बॅकच्या मध्ये नेलं, समोरच्या सेंटर-फॉरवर्डला रोखायला. इतरांनी तेच उचललं. माणूस मागे गेला, नाव मात्र त्याच्याबरोबर तसंच गेलं. म्हणून आजही इंग्लिश समालोचक सेंटर-बॅकला सर्रास सेंटर-हाफ म्हणतात. तेव्हा तुम्हाला ठाऊक असलेले शब्द टाकाऊ नाहीत, पण सेंटर-हाफ हा शब्द जपून वापरा. तुमच्या मनात मधोमधची जागा असेल आणि ऐकणारा मुलीला थेट मागे नेऊन उभी करेल. हाफ आणि इनसाइड बोलण्यात आले तर कळतील, पण अर्जावर लिहू नका.

जर्सीवरचे आकडेही याच २-३-५ मधून आले. १९३३ च्या एफए कप या इंग्लिश स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनने १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीने १२ ते २२ आकडे घातले होते. पुढे प्रत्येक संघाने १ ते ११ घालायची पद्धत पडली. १ गोलकीपर, २ आणि ३ फुल-बॅक, ४, ५, ६ हाफ, ७ ते ११ पुढची ओळ उजवीकडून डावीकडे. त्यामुळे ९ म्हणजे सेंटर-फॉरवर्ड. कोच मंडळी आज आकड्यांनीच बोलतात. “सिक्स कोण खेळतंय?” म्हणजे होल्डिंग मिडफिल्डला कोण. एट म्हणजे वर-खाली धावणारी, टेन म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून तिला चेंडू पुरवणारी. पण हेही देशागणिक बदलतं. अर्जेंटिनात राखणाऱ्या मिडफिल्डरला पाच नंबर म्हणतात. बार्सिलोनाचा सर्जिओ बुस्केट्स हेच काम पाठीवर ५ घेऊन करायचा. तेव्हा आकडा पाठ करून घेण्याआधी काम समजावून सांगा.

नुसत्या आकड्यावर विसंबलं की काय होतं याचं मोठं उदाहरण २५ नोव्हेंबर १९५३ चं आहे. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इंग्लंड विरुद्ध हंगेरी. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ होता. इंग्लंडच्या हिशेबात ९ ला पकडायचं काम ५ चं, म्हणजे सेंटर-हाफ हॅरी जॉन्स्टनचं. हिदेगकुटी पुढे थांबेचना, तो मागे मिडफिल्डमध्ये येऊन चेंडू घ्यायचा. जॉन्स्टन त्याच्यामागे गेला तर मागे भगदाड पडणार, न गेला तर हिदेगकुटी मोकळा. ते कोडं त्या दुपारी सुटलं नाही. हंगेरीने ६-३ ने सामना जिंकला आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. तुम्हाला ज्या ‘फॉल्स नाइन’ची धास्ती वाटते, ती हीच चाल. पाठीवर ९, जागा ९ ची, पण काम करायला मागे येणारी. २ मे २००९ ला बार्सिलोनाने माद्रिदमध्ये जाऊन रेआलला ६-२ हरवलं, तेव्हा लिओनेल मेसीने तेच केलं. ही गोष्ट तुम्ही मुलींना फळ्यावर काढून दाखवू शकता, आणि ती समजलेली मुलगी पुढच्या सामन्यात मागे जाणाऱ्या स्ट्रायकरच्या मागे आंधळेपणाने धावणार नाही.

राहिलेले दोन शब्दही असेच उलगडतात. बॅक फोरच्या, म्हणजे मागच्या चौघींच्या, पुढे एकीऐवजी दोघी होल्डिंगला शेजारी-शेजारी खेळल्या की डबल पिव्हट. २०१० चा विश्वचषक जिंकताना स्पेनकडून बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो असे जोडीने खेळले. इन्व्हर्टेड विंगर म्हणजे ज्या कडेला खेळते तिच्या उलट्या पायाची खेळाडू. डावखुरा आर्यन रॉबेन बायर्न म्युनिककडून उजव्या कडेला खेळायचा आणि आत वळून डाव्या पायाने मारायचा. आजच्या भाषेत राइट-बॅक आणि लेफ्ट-बॅक यांना फुल-बॅक म्हणतात. इन्व्हर्टेड फुल-बॅक म्हणजे आपल्या संघाकडे चेंडू असताना कडेने पुढे न जाता मिडफिल्डमध्ये आत येणारी. पेप गार्डिओला बायर्नमध्ये असताना फिलिप लाम आणि डेव्हिड अलाबा यांना असे आत आणायचे. विंग-बॅक या शब्दाची मात्र गफलत करू नका. मागे तिघी सेंटर-बॅक असतात तेव्हा दोन्ही कडांना एकेक मुलगी बचावापासून हल्ल्यापर्यंत पूर्ण साइडलाइन सांभाळते, ती विंग-बॅक. तिला फुल-बॅकपेक्षा कितीतरी जास्त धावावं लागतं.

पिव्हट शब्दाबद्दल मात्र एक सांगून ठेवते, कारण शाळेत एकच शिक्षिका सगळे खेळ घेते. फुटबॉलमध्ये पिव्हट बचावफळीच्या पुढे असते. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणींच्या इनडोअर फुटबॉलमध्ये, पिव्हट म्हणजे सगळ्यांत पुढची, गोलकडे पाठ करून चेंडू घेणारी. हँडबॉलमध्ये समोरच्यांच्या गोलपुढच्या सहा मीटरच्या रेषेवर, बचाव करणाऱ्यांच्या गर्दीत घुसून उभी राहते ती पिव्हट. बास्केटबॉलमधली सेंटर बहुधा संघातली सर्वांत उंच आणि बास्केटजवळची. व्हॉलीबॉलमध्ये १९९८ पासून लिबेरो आली, वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागच्या ओळीत चेंडू उचलणारी. फुटबॉलमधला लिबेरो म्हणजे बचावफळीच्याही मागे मोकळा राहणारा आणि संधी मिळाली की चेंडू घेऊन पुढे निघणारा, फ्रान्झ बेकेनबावरसारखा. म्हणून मुलीला नाव सांगताना खेळाचं नाव जोडूनच सांगा.

मराठी शब्द की इंग्रजी, यावर माझं मत स्पष्ट आहे. समजावून सांगायचं ते मराठीत, अगदी तुमच्या गडहिंग्लजच्या बोलीत, आणि नाव जसं मैदानावर चालतं तसंच. गोलरक्षक, बचावपटू, मध्यरक्षक, आघाडीवीर हे वर्तमानपत्रांनी रुळवलेले शब्द सुंदर आहेत. शाळेच्या अहवालात, वार्षिक अंकात, सूत्रसंचालनात ते जरूर वापरा. पण मध्यरक्षक म्हटल्यावर सिक्स, एट आणि टेन या तिघीही त्यात येतात, आणि आपल्या मुलीचं नुकसान नेमकं त्याच धूसरपणामुळे झालं. होल्डिंग मिडफिल्डसाठी नवा मराठी शब्द घडवून तो घोकून घेतलात तर मुलीवर दोन नावांचं ओझं पडेल आणि चाचणीत उपयोग एकाचाच होईल. “होल्डिंगला खेळते”, “राइट-बॅकला उभी राहा” हे मराठीच आहे, त्याचा संकोच नको. तेवढंच महत्त्व सामन्यातल्या हाकांना द्या. ‘मॅन ऑन’ म्हणजे तुझ्या अंगावर कुणी येतंय, ‘टाइम’ म्हणजे तुला सवड आहे, ‘टर्न’ म्हणजे वळ, मागे कुणी नाही. जिल्ह्याच्या संघात अनोळखी मुलींबरोबर खेळताना या हाका कळल्या नाहीत तर चांगली खेळाडूही गोंधळते.

मैदानावर हे असं करा. फक्कीने मैदानाचे आडवे तीन आणि उभे पाच पट्टे आखा. मुलींना आपापल्या जागी उभं करा आणि नाव विचारू नका. तुझ्या मागे कोण आहे, पुढे कोण आहे, चेंडू त्यांच्याकडे गेला की तू कुठे धावतेस, आपल्याकडे आला की कुठे जातेस, एवढंच विचारा. प्रत्येकीला स्वतःच्या तोंडाने उत्तर देऊ द्या. उत्तर पक्कं झालं की त्याच क्षणी नाव द्या: “हे जे तू सांगितलंस ना, याला राइट-बॅक म्हणतात.” मग जागा बदलून पुन्हा. स्ट्रायकरला सेंटर-बॅक करा, गोलकीपरला मिडफिल्डमध्ये आणा. दुसऱ्याच्या जागेवरून खेळ बघितला की नावं आपोआप बसतात, आणि समोरच्या खेळाडूला काय नको असतं हेही कळतं.

आता तुमच्या कोर्सचं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांत डी ही सुरुवातीची पायरी आहे, पुढे सी, बी, ए. डबल पिव्हट आणि इन्व्हर्टेड फुल-बॅक ही मोठ्या संघांची भाषा. सुरुवातीच्या पायरीवर तुमच्याकडून अपेक्षा असते ती लहान मुलांचा सराव नीट आखून, सुरक्षितपणे आणि आनंदाने घेण्याची. ते तुम्ही रोज करताय. कोर्समध्ये शब्द अडला तर हात वर करून “हे मैदानावर दाखवता का?” असं मराठीत विचारा. तुमच्यासारखे विचारायला बिचकणारे आणखी चार जण त्या वर्गात असतील, त्यांचंही काम होईल. अर्ज भरा. मुलींना शिकवणाऱ्या बायका या कोर्सेसना जास्त संख्येने यायला हव्यात, आणि तुमच्यासारखी बाई भाषेच्या भीतीने मागे राहिली तर मला खरोखर वाईट वाटेल.

त्या मुलीला पुढच्या चाचणीसाठी तीन वाक्यं तयार करून द्या आणि मोठ्याने म्हणायला लावा: “मी होल्डिंग मिडफिल्डला खेळते, सेंटर-बॅकच्या पुढे. हल्ला तोडून चेंडू खेळवणं माझं काम. पाय उजवा.” तिचा पाय डावा असेल तर तो सांगायला अजिबात विसरू देऊ नका, डावखुऱ्या खेळाडू कमी असतात आणि निवड करणारे त्या शोधत असतात. दुसरी पोझिशन विचारली तर तिने सेंटर-बॅक सांगावी, तिच्या खेळाला तीच जवळची. आणि तरीही कुणी तिला पुढे उभं केलं, तर तिने खेळ सुरू होण्याआधी हात वर करून “सर, माझी जागा मागे, सिक्सला आहे” म्हणायचं. हे वाक्य शाळेच्या मैदानावर तुमच्यासमोर तिच्याकडून आधी म्हणवून घ्या, तुम्ही चाचणी घेणाऱ्या सरांच्या जागी उभ्या राहा, आणि तिचा आवाज पलीकडच्या टचलाइनपर्यंत पोचेपर्यंत पुन्हा म्हणायला सांगा.